पांढऱ्या पेशी २४,०००, मग प्रतिकारशक्ती कमी कशी?

प्रश्न थोडक्यात असा: वहिनी, वय ३२, वजन ५० किलो. देवघरातल्या निरांजनावर पदर पेटला आणि ३५ टक्के भाजली. आज नववा दिवस. ताप १०१ च्या खाली येत नाही. डॉक्टर म्हणतात, "भाजल्यामुळे प्रतिकारशक्ती ढासळली आहे, जपावं लागेल." रिपोर्टात मात्र पांढऱ्या पेशी २४,०००, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून जास्त. पेशी वाढल्यात तर शक्ती कमी कशी? आणि ती वाढवायला गुळवेल, प्रोटीन पावडर, एखादं महागाचं इंजेक्शन असं बाहेरून काही देता येईल का?

मी पंचवीसेक वर्षं जळीत कक्षात काढली आहेत. "इम्युनिटीचं काहीतरी द्या" असं रोज कुणीतरी म्हणतं, पण रिपोर्ट हातात धरून विसंगतीवर बोट ठेवणारे थोडे. रिपोर्ट बरोबर आहे, आणि तुमचे डॉक्टरही बरोबर आहेत. प्रतिकारशक्ती टाकीतल्या पाण्यासारखी असते, भरली तर चांगली आणि उतरली तर वाईट, असं आपण धरून चालतो. घोटाळा तिथे आहे.

आधी ३५ टक्के म्हणजे किती ते बघू. रुग्णाचा स्वतःचा बोटांसकट तळवा म्हणजे साधारण १ टक्का. तिचे ३५ तळवे मोजा. मोठ्या माणसाची कातडी दीड ते दोन चौरस मीटर भरते, म्हणजे तिची अर्ध्या चौरस मीटरहून जास्त गेली. जेवायचे दोन पाट शेजारी शेजारी मांडले तर ते व्यापतील त्याहून मोठा तुकडा. ही कातडी नुसतं आवरण नव्हती. तिच्यावरचा आंबूस तेलकट थर, त्यावर सुखाने राहणारे निरुपद्रवी जंतू, जंतुनाशक प्रथिनं, आणि आत जागोजागी बसलेल्या पहारेकरी पेशी असा सगळा बंदोबस्त तिच्यात होता. तो एका मिनिटात गेला. पण नुसता बंदोबस्त गेला असता तर उरलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती शाबूत राहायला हवी होती. ती राहत नाही.

भाजलेला भाग साधारण २० टक्क्यांच्या पुढे गेला की दुखणं जखमेपुरतं राहत नाही, सगळ्या अंगाचं होतं. कारण मेलेल्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या फुटल्या की आतला माल रक्तात सांडतो. त्यात मायटोकाँड्रियाचा डीएनएही असतो. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जेची भट्टी, पण मूळची ती जिवाणूच. अब्जावधी वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत शिरली आणि तिथेच नांदली. त्यामुळे तिचा डीएनए रक्तात दिसला की प्रतिकार पेशींना वाटतं, जिवाणू घुसले. जखमेत अजून एकही जंतू वाढलेला नसतो, तरी शरीर पहिल्या तासापासून घनघोर संसर्ग झाल्यासारखं लढायला लागतं.

याचा पहिला परिणाम तुम्ही डोळ्यांनी पाहिला असेल. केशवाहिन्या गळक्या होतात, रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात. तोंड भोपळ्यासारखं सुजतं, डोळे उघडत नाहीत. पहिल्या रात्री आई कॉटजवळून पुढे निघून गेलेली मी पाहिली आहे; लेक हीच हे तिला ओळखूच आलं नव्हतं. ही गळती भरून काढायलाच तो सलाइनचा मारा. हिशेब असा: ४ मिली गुणिले ५० किलो गुणिले ३५ टक्के म्हणजे ७,००० मिली, त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे. दवाखान्यात पोचल्यापासून मोजणारे अजूनही भेटतात. सूत्र नुसता अंदाज देतं, पुढे दर तासाची लघवी मोजून सलाइन कमी-जास्त करतात. झिरपणाऱ्या त्या प्रथिनांबरोबर तयार प्रतिपिंडंही (अँटीबॉडी) रक्तातून निघून जातात. म्हणजे लढाईला तोंड फुटतानाच दारूगोळ्याचं एक कोठार रिकामं.

आता तुमच्या २४,००० कडे येतो. आम्ही शिकत होतो तेव्हा पाठ असं होतं: भाजल्यावर आधी भडका उडतो, मग काही दिवसांनी सगळं थंडावतं आणि तेव्हा जंतू डाव साधतात. चित्र सुटसुटीत होतं, परीक्षेत लिहायलाही बरं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून गंभीर जखमी आणि भाजलेल्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींतल्या जनुकांचं काम तपासलं, तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त जनुकांची हालचाल बदललेली आढळली. आणि भडका उडवणारी जनुकं व लढाई आवरती घेणारी जनुकं एकाच वेळी कामाला लागली होती. आधी हे, मग ते असा क्रमच नव्हता. तिच्या अंगात या क्षणी दोन्ही चालू आहे, वाजवीपेक्षा जास्त भडका आणि वाजवीपेक्षा जास्त लुळेपणा.

वाढलेल्या पेशी आहेत कोणत्या? बहुतेक न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी. अस्थिमज्जेवर मागणीचा ताण आला की ती कच्च्या पेशीही बाहेर सोडते. पंगतीला अचानक दुप्पट पाहुणे आले म्हणून शाळकरी पोरांना वाढायला उभं करावं, तसं. हातात भांडी आहेत, धावपळ भरपूर, पण कुणाच्या पानात काय पडलं नाही ते कळत नाही. या न्यूट्रोफिलना जंतूच्या दिशेने नीट सरकता येत नाही, गिळलेला जंतू मारायची ताकदही कमी पडते. आणि वाटेत फुफ्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकून त्या आपलं रसायन तिथेच ओततात. भाजले हातपाय आणि धाप लागली छातीला, असं होण्याचं एक कारण हे. आगीचा धूर आत गेला असेल तर गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट, पण तुम्ही लिहिल्याप्रमाणे पेटला तो पदर, खोली नव्हे, त्यामुळे ते इथे सोडतो.

रिपोर्टात एकूण आकड्याच्या खाली पेशींची विभागणी असते. तिथे लिम्फोसाइट बघा. बहुधा खूप खाली आले असतील. नव्या जंतूची ओळख पटवून नेमका हल्ला करणं हे त्यांचं काम. भाजल्यानंतर त्यातले पुष्कळ मरतात, उरलेल्यांना आवरायला ब्रेक लावणारी रसायनं वाढलेली असतात. दुसरीकडे मोनोसाइट नावाच्या पेशी जंतूचा तुकडा ज्या प्रथिनावर ठेवून लिम्फोसाइटला दाखवतात, ते प्रथिनच त्यांच्या पृष्ठभागावर कमी होतं. चोर पकडलाय, पण ओळखपरेड होत नाही. आकडा २४,००० आणि प्रतिकार कमी, हे दोन्ही एकाच कागदावर खरं असतं ते यामुळे.

यात हार्मोनांची भर पडते. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल दिवसचे दिवस चढे राहतात. कॉर्टिसोल हे शरीराचं घरचंच स्टेरॉइड, आणि स्टेरॉइडने प्रतिकार दबतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. अंग भट्टीसारखं जळत राहतं. मोठ्या जळितात विसाव्याच्या वेळची ऊर्जेची गरजही दुपटीपर्यंत जाते. आमच्या कक्षाचं तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवतो. सिस्टर आणि वॉर्डबॉय मामा घामाने निथळत असतात आणि रुग्ण चादर मागतो. शरीर ही ऊर्जा काढतं कुठून? स्वतःच्या स्नायूंतून. तिसऱ्या आठवड्यात मांड्या बघा, काड्या झालेल्या असतात. प्रतिपिंडं काय, नव्या पेशी काय, नवी कातडी काय, सगळ्यांना प्रथिनंच लागतात, आणि ती अशी जळून जातात.

साखरही वाढते. "तिला शुगर कधीच नव्हती हो," असं नातेवाईक घाबरून सांगतात. नव्हतीच; ही भाजल्यामुळे आली आहे. चढ्या साखरेत पांढऱ्या पेशी आणखी मंदावतात, म्हणून इन्शुलिन चालू केलं तर दचकू नका.

तापाचं बघा. एवढ्या भाजण्यात मेंदूतलं तापमानाचं बटणच वर सरकतं. १०१ च्या आसपासचा ताप, ११०-१२० ची नाडी आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी हे तिघे संसर्गाशिवायही आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतात. एरवी वॉर्डात ज्या खुणांवरून सेप्सिस, म्हणजे संसर्गाने सगळं शरीरच बिघडणं, म्हणतात, त्या खुणा आमच्याकडे जवळपास प्रत्येक कॉटवर सापडतील. म्हणूनच २००७ मध्ये अमेरिकन बर्न असोसिएशनने जळीत रुग्णांसाठी सेप्सिसच्या खुणा वेगळ्या ठरवल्या. आमची नजर असते ती अशा गोष्टींवर: ताप १०२ च्या वर चढला, किंवा अचानक ९७-९८ च्याही खाली उतरला (हे जास्त भीतीचं, ताप उतरला म्हणून घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात), प्लेटलेट लाखाच्या खाली गेल्या, काल आटोक्यात असलेली साखर आज उसळली, नळीतून दिलेलं पोटात राहीना, पोट फुगलं, किंवा काल नीट बोलणारी बाई आज असंबद्ध बोलायला लागली. यातलं काही नसेल तर केवळ १०१ साठी अँटिबायोटिक बदला म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. गरज नसताना दिलेलं अँटिबायोटिक साधे जंतू मारतं आणि चिवट जंतूंना जागा मोकळी करून देतं.

आता ज्यात सगळी मेख आहे ती गोष्ट, मेलेली कातडी. आम्ही तिला एस्कार म्हणतो. चामड्यासारखी घट्ट, पांढुरकी किंवा काळपट, टोचलं तरी न दुखणारी. घरच्यांना वाटतं, राहू दे, खालची जखम झाकलेली राहते. प्रत्यक्षात ती जंतूंची खानावळ असते. उबदार, ओलसर, प्रथिनांनी भरलेली, आणि रक्तपुरवठा शून्य. रक्त जात नाही म्हणजे पांढरी पेशी जात नाही, आणि शिरेतून दिलेलं हजारो रुपयांचं अँटिबायोटिकही जात नाही. पहिले काही दिवस तिथे कातडीवरचेच स्टॅफसारखे जंतू असतात. आठवडाभरात सुडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला येतात, पुढे बुरशी. सुडोमोनास आला की पट्टीवर हिरवट डाग दिसतात आणि गोडसर, पिकलेल्या द्राक्षांसारखा वास येतो. आमच्या एक जुन्या सिस्टर पट्टी सोडायच्या आधीच, दारातून सांगायच्या, "सर, चार नंबरला हिरवा आलाय." जंतू वाढवून ओळखतात त्या तपासणीचा, म्हणजे कल्चरचा, रिपोर्ट दोन दिवसांनी यायचा, बहुतेक वेळा तेच घेऊन.

आणि एस्कार नुसती जंतूंना पोसत नाही. ती अंगावर आहे तोवर मेलेल्या पेशींचा माल रक्तात मिसळत राहतो, म्हणजे वर सांगितलेला भडका आणि लुळेपणा दोन्ही चालू राहतात. युगोस्लाव्हियातल्या मारिबोर गावच्या झोरा यांझेकोविच या सर्जन बाईंनी हे ओळखलं. कातडी आपोआप सुटून येईपर्यंत तीन-तीन आठवडे वाट बघायची तेव्हा पद्धत होती. त्यांनी पहिल्या काही दिवसांतच खास सुरीने मेलेला थर पातळ पातळ सोलायला सुरुवात केली; टिपक्याटिपक्यांनी ताजं रक्त दिसलं की थांबायचं आणि तिथेच रुग्णाच्या मांडीची कातडी बसवायची. १९७० मध्ये त्यांचा निबंध छापून आला आणि नंतर जगभरच्या जळीत विभागांचं कामच बदललं. माझ्या मते भाजलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती सावरणारा सगळ्यात गुणकारी उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही, तो ऑपरेशन टेबलावर होतो. आपल्याकडे अडतं ते थिएटरची पाळी, रक्ताच्या पिशव्या आणि भूल देणारे डॉक्टर यांच्यापाशी. तिसऱ्या-पाचव्या दिवशी व्हायला हवं ते बाराव्या-पंधराव्या दिवशी होतं. हे आमचं दुखणं आहे, मी ते झाकणार नाही.

स्वतःची कातडी पुरत नसेल तर दुसऱ्याची तात्पुरती लावतात. दुसऱ्याची कातडी शरीर का झिडकारतं हे कोडं उलगडलं तेही एका भाजलेल्या बाईमुळेच. १९४३ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत शास्त्रज्ञ पीटर मेडावार आणि सर्जन थॉमस गिब्सन यांनी एका भाजलेल्या बाईला तिच्या भावाच्या कातडीचे बारीक तुकडे लावले. ते काही दिवसांनी गळाले. दुसऱ्यांदा त्याच भावाचे लावले तर आणखी लवकर गळाले. म्हणजे शरीराने लक्षात ठेवलं होतं, हे काम प्रतिकारशक्तीचंच होतं. मेडावार यांना १९६० मध्ये नोबेल मिळालं. आजच्या किडनी-यकृत प्रत्यारोपणाचा पाया या कामात आहे. गंमत अशी की फार मोठ्या जळितात दुसऱ्याची ताजी कातडी नेहमीपेक्षा जास्त दिवस टिकते, कारण झिडकारण्याइतकाही जोर शरीरात उरलेला नसतो.

आपल्याकडे मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत पाय आणि पाठीवरून कातडीचा पातळ थर घेतात, रक्तगट जुळवावा लागत नाही, ग्लिसरॉलमध्ये ती ५ वर्षांपर्यंत टिकते. अंग विद्रूप होत नाही. घेतलेली जागा पट्टीखाली असते. नेत्रदान आता घरोघर माहीत आहे, त्वचादानाचं नाव काढलं की लोक अजून दोन पावलं मागे सरतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा, ३५ टक्क्यांना कधी कधी या कातडीची गरज पडते.

मग "बाहेरून काही"? गुळवेलीने जळितात फायदा होतो असा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. उलट गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद कसाही सुटो, तिचं यकृत आत्ता आधीच ताणाखाली आहे, त्यावर प्रयोग नकोत. शिवाय भडकलेली प्रतिकारशक्ती नेमकी कोणत्या बाजूने "वाढवायची"? ग्लुटामिन नावाच्या पावडरीवर आमच्याच क्षेत्राचा बराच विश्वास होता. १,२०० रुग्णांवर तिची नीट चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला: फायदा नाही. आम्हीही ती सोडली.

द्यायचं ते अन्न. ५० किलोच्या बाईला रोज ७५ ते १०० ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात ६ ग्रॅम, हिशेब करा. आणि इथे घरच्यांशी माझं सगळ्यात जास्त भांडण होतं. अंडं दिलं की पू होतो, डाळ-भाताने जखम चिघळते, दही-ताक तर नकोच, असं म्हणून सासू नाही तर मावशी पेज आणि साबुदाण्याची खीर घेऊन बसते. पू जंतूंमुळे होतो. अंडी, डाळ, दही, पनीर, शेंगदाण्याचा लाडू, सातूचं पीठ, मांसाहार चालत असेल तर मासे-चिकन, जे जाईल ते द्या, दर दोन तासांनी थोडं थोडं. तोंडाने पुरेसं जात नसेल तर नाकातल्या नळीला नाही म्हणू नका. आतडं उपाशी राहिलं की त्याची भिंत ढिली पडते आणि आतले जंतू रक्तात जायची वाट मोकळी होते. सलाइनने पोट भरत नाही, हे मी दिवसातून दहादा सांगतो. जस्त आणि सेलेनियम जखमेच्या पाण्यातून वाहून जातात, ते भरून द्यावे लागतात, पण डॉक्टरांच्या हिशेबाने.

घरी लहान मुलं असतील म्हणून एक वेगळी गोष्ट. पोरांना चहा सांडून पाच टक्केच भाजलं, जखम स्वच्छ दिसते, आणि दुसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक मोठा ताप, अंगावर लाली, जुलाब, मूल मलूल. हा स्टॅफच्या विषाचा प्रकार असू शकतो, कारण त्या विषाविरुद्धची प्रतिपिंडं लहान मुलांत अजून तयार झालेली नसतात. तिथे टक्के मोजत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

वहिनी घरी आल्यावर सगळं लगेच पूर्ववत होईल असं धरू नका. शरीराची ती आतली जळजळ मोठ्या जळितात दोन-तीन वर्षंही रेंगाळते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी भाजून बरे झालेल्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर इतरांपेक्षा त्यांना संसर्गासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण पुढेही जास्त दिसलं. म्हणजे खोकला-ताप आला तर "आता जखमा भरल्यात ना" म्हणून अंगावर काढू नये.

भेटायची बंदी तुम्हाला जाचते असं लिहिलंत. जंतू हवेतून उडत येतात त्याहून कितीतरी जास्त हातांवरून येतात, आणि त्यात आमचेही हात आले. एकच माणूस ठरवा, तोच रोज जाईल. अंगठी, बांगड्या, घड्याळ बाहेर, कोपरापर्यंत साबण. मोबाइल आत न्यायचाच असेल तर पुसून प्लास्टिकच्या पिशवीत. लोक हात धुतात आणि लगेच खिशातून फोन काढून नातवाचा व्हिडिओ दाखवतात. डॉक्टर हात न धुता पट्टीला हात लावताना दिसले तर बेधडक टोका. मला टोकलेलं आहे, एका आजीने, सगळ्या विद्यार्थ्यांसमोर.

उद्या राउंडला पांढऱ्या पेशींचा आकडा विचारण्याऐवजी हे विचारा: मेलेली कातडी अजून किती टक्के अंगावर आहे, आणि ती काढायला कधी घेणार? त्या ऑपरेशनमध्ये रक्त बरंच जातं. तिच्या गटाचे तीन-चार रक्तदाते आजच बोलून ठेवा.